बीभत्साची ओढ

प्रत्यक्षात जे पाहवत नाही, ते माणूस पैसे मोजून पडद्यावर का पाहतो, हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. देहविकृतीचे भयपट, म्हणजेच बॉडी हॉरर, हा प्रश्न सर्वांत टोकाला नेतात. या चित्रपटांत भूत बाहेरून येत नाही, माणसाचे स्वतःचे शरीरच परके होते. डेव्हिड क्रोनेनबर्गच्या 'द फ्लाय'मध्ये (१९८६) एक शास्त्रज्ञ हळूहळू माशीत रूपांतरित होतो. ज्युलिया ड्युकूर्नोच्या 'तितान'ला २०२१ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा या प्रकाराला कलेच्या पंगतीत मानाचे पान मिळाले. मराठी मातीतले उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८). चित्रपट हिंदीत आहे, पण त्यातला वाडा, पाऊस आणि माणसे कोकणातली आहेत.

या ओढीची नोंद प्राचीनांनी घेतली आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिओन्टियस नावाचा माणूस मृतदेहांच्या ढिगाजवळून जाताना स्वतःशीच झगडतो आणि शेवटी डोळे फाडून पाहतोच. प्लेटोला यात मनातली फूट दिसली. अ‍ॅरिस्टॉटलने वेगळा निष्कर्ष काढला: प्रेतासारख्या वस्तू पाहताना त्रास होतो, पण त्यांचे हुबेहूब चित्र पाहताना आनंद होतो, कारण त्यातून माणसाला काही कळते. भरताच्या नाट्यशास्त्राने तर बीभत्साला आठ रसांत स्थान दिले. जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव, नीळ हा रंग आणि महाकाल ही देवता. रक्तामांसाच्या दर्शनाने उठणारा क्षोभ आणि किडे, विष्ठा यांनी येणारा उद्वेग असे भेदही तिथे केलेले आहेत. किळस हा कलेतला अपघात नव्हे, तिचेही शास्त्र असू शकते, हे यातून सिद्ध होते.

रस कसा निर्माण होतो, याचे उत्तर अभिनवगुप्ताच्या परंपरेत साधारणीकरणाच्या कल्पनेत मिळते. रंगभूमीवरची भावना ना नटाची उरते, ना प्रेक्षकाची, ती सर्वांची होते. प्रेक्षकाचा स्वतःचा जीव धोक्यात नसल्यामुळे तो किळसेपासून पळून न जाता तिच्याकडे पाहू शकतो. खऱ्या अपघातस्थळी हे अंतर नसते, म्हणून तिथे रस नसतो, फक्त आघात असतो.

धर्मपरंपरेने हेच पाहणे साधनेसाठी वापरले. बौद्ध भिक्षूंसाठी स्मशानातल्या प्रेताच्या कुजत जाणाऱ्या अवस्थांचे चिंतन सांगितले आहे. रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी 'दासबोध' सांगितला असे परंपरा मानते. या ग्रंथाच्या पहिल्या दशकातला अखेरचा समास नरदेहाची स्तुती करतो, तर तिसऱ्या दशकातला पहिला समास गर्भवासाचे आणि देहातल्या घाणीचे असे वर्णन करतो की वाचणाऱ्याला शिसारी यावी. ही विसंगती नाही. देह परमार्थाचे साधन आहे म्हणून मोलाचा, आणि नाशिवंत आहे म्हणून त्याचा मोह व्यर्थ, असे ते एकच प्रतिपादन आहे. इथे किळस विवेकाच्या कामी येते.

मात्र देहाचे मिश्र रूप दिसले की भय वाटतेच, असे नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी १९९० साली मांडले की भयपटातला राक्षस माणूस-पशू, जिवंत-मृत अशा कोटींची सरमिसळ करतो, म्हणून तो धोकादायक आणि अपवित्र वाटतो. पेण तालुक्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत या मताची मर्यादा उघड होते. शाडूच्या धडावर हत्तीचे मस्तक आहे, कुठे हात अजून जोडायचे आहेत, कुठे डोळ्यांची आखणी व्हायची आहे, तरी कोणाच्या अंगावर काटा येत नाही. पुराणकथेत शिरच्छेद आहे, पण मूर्ती त्या घटनेच्या पलीकडची, शांत आणि पूर्ण आहे. नरसिंहाचेही तसेच. भय सरमिसळीत नसून, न थांबणाऱ्या आणि अर्थ न लागलेल्या बदलात असते. धर्म त्या बदलाला शेवट आणि नाव देतो, तर देहविकृतीचा चित्रपट प्रेक्षकाला मधल्या अवस्थेतच धरून ठेवतो.

'तुंबाड'मधली आजी हे याचे उत्तम उदाहरण. देवीचा लोभी पुत्र हस्तर याच्या स्पर्शाने तिला मरण नाकारले गेले आहे. आधी ती साखळदंडांनी बांधलेली, भुकेली म्हातारी आहे. पुढे चित्रपटाचा नायक विनायक वाड्यात परततो, तेव्हा तिच्या देहातून झाड वाढलेले असते आणि आत हृदय अजून धडधडत असते. खजिन्याचे रहस्य सांगण्याच्या बदल्यात ती फक्त सुटका मागते. अमरत्व हे वरदान मानणाऱ्या मनाला हे दृश्य उलट बाजू दाखवते: देह टिकला, पण जगणे संपले. खजिन्याची जागा देवीच्या गर्भाच्या, मांसल भिंतींच्या रूपात दाखवली आहे, आणि हस्तरला भुलवण्यासाठी तिथे पिठाची बाहुली न्यावी लागते. लोभ हा मनोविकार इथे पोट, भूक आणि कातडी यांच्या भाषेत बोलतो. नुसत्या उपदेशाने जे पटत नाही, ते किळसेने पटते.

म्हणून या प्रकारातली कला आणि नुसता भडकपणा यांत फरक करता येतो. जिथे विकृती पात्राच्या कृतीतून, इच्छेतून किंवा दुःखातून उगवते आणि प्रेक्षकाला स्वतःच्या नश्वर देहाबद्दल काही उमगते, तिथे बीभत्स रस होतो. जिथे रक्तमांस फक्त पुढच्या धक्क्यासाठी वाढत जाते, तिथे जुगुप्सा स्थायीभावापाशीच अडते आणि थोड्याच वेळात बधिरपणात बदलते. ओढ दोन्हींकडे असते, त्यामुळे ओढ हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. देहाबद्दलची समज वाढली की नाही, हीच या चित्रपटांची खरी कसोटी आहे.