ओला हात

हिमाचलच्या तीर्थन नदीचं पाणी ऐन मे महिन्यातही बोटं बधिर करतं. ट्राउटला असंच पाणी लागतं: थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं. यातला तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांनी तो 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला, पुढे कुलूकडे.

इथे परवाना घेऊन गळ टाकता येतो. मासा लागला आणि लहान निघाला, तर जाणता मासेमार त्याला धरण्याआधी हात पाण्यात बुडवतो. ट्राउटच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. कोरड्या हाताने तो निघाला, की तिथे बुरशी धरते आणि सोडून दिलेला मासा पुढे मरतो. ज्याला आपण खाणारही नाही, त्याच्यासाठी केलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मोठा मासा मात्र काठावरच साफ होतो. खवले इतके बारीक, की काढावे लागत नाहीत. पोट चिरायचं, कण्यालगतचं रक्त अंगठ्याने खरवडायचं, मीठ-हळद चोळायची. ज्वाळा बसू द्यायच्या आणि निखाऱ्यांवरच भाजायचा; घाई केली तर कातडी करपते, आत कच्चा राहतो. काट्यापासून मांस अलगद सुटलं, की झाला. उरलेल्या निखाऱ्यांवर नदीचंच पाणी ओतून मग उठायचं.