पाचारण आणि पदवी

दहावीचा निकाल लागला, म्हणजे खेडोपाडीच्या ख्रिस्ती घरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : मुलांना पुढे कोठे घालावे? मागील उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आम्हांकडे आले. मुलगी हुशार व शांत स्वभावाची. आजी अंथरुणास खिळली असता तिची शुश्रूषा हिनेच केली होती. बापाचा बेत असा की, दोन एकर कोरडवाहू जमिनीपैकी एक एकर विकावी, आणि मुलीस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीकरिता नांदेडास किंवा लातुरास ठेवावे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, हिला डॉक्टर होण्याचे देवाचे पाचारण आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. आपण प्रार्थना करा." आम्ही प्रार्थना केली, परंतु ते गेल्यावर एक प्रश्न आमच्या मनात राहिला. देवाचे पाचारण आणि मनुष्यांची पदवी ही एकच वस्तू आहे काय?

बापाची उमेद आम्हांस तुच्छ वाटत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्याची स्थापना १ मे १९९९ रोजी झाली, आणि २०२४ साली हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन तेथे १०० जागा झाल्या. ज्या विद्येकरिता पूर्वी परजिल्ह्यात जावे लागे, ती आता आपल्या अंगणात आली. प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते. या गोष्टींबद्दल देवाचे उपकार मानणे योग्य आहे.

तथापि हिशेब पाहा. २०२४ साली त्या परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे एकास जागा. आता प्रत्येक घर म्हणते की, आमच्या लेकरास देवाचे पाचारण आहे. तर मग देवाने वीसजणांस बोलावून एकोणिसांस दारातून परत लाविले काय? असे म्हणणे आम्हांस अधर्म वाटतो. चूक देवाकडे नाही. पुष्कळ दारांच्या घराचे एकच दार आम्ही पाहिले, आणि त्यासच पाचारण हे नाव दिले.

मग पाचारण म्हणजे काय? आमच्या समजुतीप्रमाणे त्यात तीन गोष्टी असतात : दुसऱ्याचे दुःख दिसणे, ते दूर करण्याची पात्रता अंगी असणे, आणि ते काम स्वतःच्या इच्छेने पत्करणे. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे तान्हे मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला, आणि १८८६ साली त्यांनी अमेरिकेत पदवी मिळविली. आपल्या देशात रुग्णसेवा आरंभण्यापूर्वीच १८८७ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे दवाखाना राहिला नाही, धनही राहिले नाही. तरी त्यांचे पाचारण खोटे होते असे कोण म्हणेल? परंतु नुसती कळवळ पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. अर्धवट ज्ञानाच्या दयाळू मनुष्याने दिलेले औषधही रोग्यास मारू शकते. म्हणून परीक्षा कठीण असते ती रोग्याच्या रक्षणाकरिता होय. तिला शत्रू समजू नये, आणि देवही समजू नये.

येथे कोणी म्हणेल, "बुद्धिमान लेकराने परिचारिका किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व्हावे, हे रुपये जमिनीत पुरून ठेवणे नव्हे काय?" मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांत पुन्हा वाचावा. ज्याला पाच हजार रुपये मिळाले व ज्याला दोन हजार मिळाले, त्या दोघांस धन्याने एकसारखीच शाबासकी दिली, एका शब्दाचाही फरक केला नाही. दोष आला तो केवळ पुरून ठेवणाऱ्यास.

याहून जड असा दुसरा आक्षेप आहे, आणि तो आम्ही आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकिला आहे. "पिढ्यानपिढ्या आम्हांस सांगण्यात आले की, हलके काम तुमचे, मानाचे काम आमचे. आता दार उघडले, तर आमचाच पाळक म्हणतो, धाकट्या कामात समाधान माना!" हा आक्षेप खरा आहे. गरिबास समाधानाचा उपदेश करणे सोपे असते, आणि तो पुष्कळदा श्रीमंताच्या सोयीचा ठरतो. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : ज्या मुलीस पात्रता व इच्छा आहे, तिने डॉक्टर व्हावेच. जात, गरिबी अथवा स्त्रीजन्म यांमुळे तिला कोणी अडवील, तर मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहावे. आमचे म्हणणे इतकेच की, पायरी उंच म्हणून पाचारण मोठे, असा नियम ख्रिस्ताच्या राज्यात नाही.

याची साक्ष अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड देते. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. त्यांनी १९७० साली जामखेडास काम आरंभिले, आणि गावोगावच्या स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळ निरक्षर, आणि कित्येक दलित समाजातील होत्या. या स्त्रियांनी बाळंतपणे सांभाळली, स्वच्छ पाणी व लसी यांचे महत्त्व घरोघरी सांगितले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांवाचून त्या स्त्रिया शिकल्या नसत्या, हे खरे. पण त्या स्त्रियांवाचून डॉक्टरांची विद्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोहोचली नसती, हेही तितकेच खरे.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण सर्व जाणतो. त्याने जखमा बांधिल्या, याचे आपण कौतुक करितो. परंतु तो दुसऱ्या दिवशी निघून गेला, आणि पुढची शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकाने केली. त्यास त्याबद्दल दोन पावल्या मिळाल्या. पगार घेतला म्हणून त्याची सेवा खोटी ठरली नाही, आणि त्याचे नाव कोणास ठाऊक नाही म्हणून ती लहानही ठरली नाही. हा दृष्टांत ज्या एकाच शुभवर्तमानात आहे, ते लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

तेव्हा आईबापांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्या. अकरावीस विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतल्यास डॉक्टरीचा मार्ग खुला राहतो; सोबत गणितही ठेवल्यास दुसरेही मार्ग बंद होत नाहीत. परिचारिकेची बी.एस्‌सी. पदवी चार वर्षांची, जी.एन.एम. तीन वर्षांचे, ए.एन.एम. दोन वर्षांचे, आणि औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची असते. जमीन विकण्यापूर्वी हे सर्व मार्ग लेकरापुढे मांडावे, आणि मग त्याचे ऐकावे.

मंडळीवरही एक दोष आहे. आमच्याच मंडळीत एका वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या तरुणास शाल व हार देण्यात आला. त्याच महिन्यात ए.एन.एम. होऊन दूरच्या उपकेंद्रात रुजू झालेल्या मुलीचे नावही उपासनेत घेतले गेले नाही. उपासना आम्हीच चालविली होती. व्यासपीठावरून सर्व अवयव सारखे म्हणावे, आणि हार मात्र एकाच अवयवास घालावा, हा ढोंगीपणा आहे. तो आम्ही कबूल करितो.

ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा आम्ही मुलीसच विचारिले. तोवर तिला कोणी विचारिले नव्हते. ती म्हणाली, "डॉक्टर होईन की नर्स, ते मला ठाऊक नाही. आजीला रात्री कोणीतरी जागे हवे असायचे. तसे मला व्हायचे आहे." बाप बराच वेळ बोलला नाही. जमीन विकण्याचा बेत त्याने तूर्त सोडिला. मुलीने तालुक्याच्या गावी जीवशास्त्र व गणित ही दोन्ही घेऊन अकरावीचा अभ्यास सुरू केला. पुढे ती काय होईल, हे देवच जाणे. परंतु पाचारण काय, हे तिला आम्हांपेक्षा अगोदर कळले होते. प्रिय वाचकहो, आपल्या घरीही असे एखादे लेकरू असेल. त्यास जागा मिळवून देण्यापूर्वी त्याचा शब्द ऐकण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.