ठेवणीतील वस्त्रे

वस्त्रे कशी ठेवावीत हा प्रश्न गृहिणींचा आणि किती ठेवावीत हा तत्त्वचिंतकांचा, अशी वाटणी आपल्याकडे नकळत रूढ होऊन बसली आहे. ती आम्हांस मान्य नाही. पहिल्या प्रश्नाचा विचार शेवटापर्यंत नेला तर दुसऱ्याचे उत्तर त्याच्याच पोटात सापडते, असे आमचे मत आहे.

तेव्हा प्रथम कपाटच उघडून पाहू. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुष्कळ वर जाते, आणि तेवढ्या ओलीत कापडावर सहज बुरशी धरते. बंद कपाटाचा कोंदट वास तो हाच. लोकर आणि रेशीम यांस कसर लागते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उडणारे पाखरू कापडास तोंड लावीत नाही. खाते ती त्याची अळी. तिला अंधार हवा, स्वस्थता हवी, आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग तसाच राहिलेले वस्त्र तिला विशेष प्रिय. पैठणीची गोष्ट याहून नाजूक. जरीतील चांदी हवेतल्या गंधकाच्या अंशाने काळवंडते, आणि रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले म्हणजे त्या घडीवरच विरते. म्हणून जुन्या बायका असे लुगडे मऊ सुती फडक्यात बांधून ठेवीत व मधूनमधून जुनी घडी मोडून नवी घालीत.

यावर सोपा तोडगा म्हणून डांबराच्या गोळ्या टाकणारे पुष्कळ आहेत. त्या नॅफ्थॅलीनच्या असल्या तर त्यांचा वास हा विषाचाच वास होय. ज्या अर्भकांच्या रक्तात जन्मतः एका विशिष्ट विकराची उणीव असते, त्यांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात तसेच गुंडाळले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला, वाळा, चंदनाचे तुकडे हे त्या मानाने निरुपद्रवी. परंतु त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. वस्त्र धुऊन, पुरते वाळवून ठेवावे. पाऊस सरला की आश्विनात सुती व लोकरी कपडे उन्हात आणि रेशमी सावलीत पसरावे. झटकून नवी घडी घालावी. याहून मोठे औषध नाही. वस्त्र टिकते ते माणसाच्या हाताने.

आमच्या विचाराचा पाया हाच आहे. घरातील हात मोजके असतात. म्हणून मनुष्याने किती वस्त्रे बाळगावीत याची मर्यादा त्याच्या पैशाने किंवा कपाटाच्या लांबीरुंदीने ठरत नाही. जितक्यांची निगा त्याच्याकडून होते तितकीच त्याची. पुल्लिंगी रूप येथे आम्ही हेतुपुरस्सर योजले आहे. तीस सदऱ्यांच्या धन्याने त्यांतील एकालाही कधी ऊन दाखविलेले नसते. त्याची मालकी पत्नीच्या नाही तर मोलकरणीच्या कंबरेवर उभी असते, आणि तरी अपरिग्रहावर बोलण्याचा प्रसंग आला की सभेत तोच पुढे असतो.

बुद्धाने भिक्षूंस तीन चीवरांची मर्यादा घातली, आणि जादा चीवर रीतसर व्यवस्था न करता दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये असा नियम केला. गृहस्थाला हे माप लागू नाही, हे उघड आहे. परंतु विनयग्रंथांतील एक कथा गृहस्थानेही ऐकण्याजोगी आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदास पाचशे वस्त्रे दिली. राजा रुष्ट झाला. एवढ्या वस्त्रांचे हा करणार काय? आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांस ती वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. पांघरुणे विरली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरील बैठकी, मग पायपुसणी. आणि शेवटच्या चिंध्या मातीत कालवून त्याने जमीन सारवू. हे ऐकून आपल्या आजीची आठवण कोणास होणार नाही? लुगड्याची वाकळ, धोतराचे दुपटे, उरल्याचे पोतेरे, आणि त्यातूनही सुटले ते बोहारणीच्या गाठोड्यात.

आज ही साखळी तुटली आहे, आणि तीही चमत्कारिक रीतीने. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, घडीवर ते विरत नाही, आणि पाणी शोषीत नसल्याने त्याचे पोतेरेही होत नाही. पूर्वी हयगय केली तर वस्त्रच शिक्षा करी. आता हयगयीला शिक्षाच उरली नाही. म्हणून कपाटे भरतात, आणि भरली की एका रविवारी ती रिकामी करून आपण दान केले असे म्हणतो. वाजश्रवसाने यज्ञात दूध आटलेल्या गाई देऊ केल्या तेव्हा नचिकेत अस्वस्थ झाला, तो यासाठीच. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत मदतीच्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. घेणाऱ्यास त्यांचा उपयोगच नव्हता. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था काढली. ती कपडे पारखून, जेथे जे लागते तेथे ते पाठविते, आणि गावकरी विहीर खणणे, रस्ता करणे अशा आपल्याच गावाच्या कामाचा मोबदला म्हणून ते घेतात. घेणाऱ्याची मान ताठ राहते. द्यायचे ते वस्त्र धड असताना द्यावे, हे मात्र देणाऱ्यानेच पाहावयाचे असते.

राहता राहिली स्मृतीची वस्त्रे. आईचे लुगडे कोणी न नेसता जपले तर त्यास आम्ही साठेबाजी म्हणणार नाही. मात्र वर्षातून एकदा तरी ते उलगडले जात असावे. आमच्या परिचयाच्या एका घरी आईच्या मागे मुलाने तिची ट्रंक कुलपात ठेवली. बहिणींसही हात लावू दिला नाही. अकरा वर्षांनी ती उघडली तेव्हा रेशीम घड्याघड्यांवर विरलेले निघाले. धड होती ती तिच्या रोजच्या नेसण्यातली दोन सुती पातळे. ती बहिणींनी वाटून घेतली. आणि धाकटीने आपल्या वाट्याचे फाडून मुलीच्या बाळंतविड्यासाठी त्याची दुपटी शिवली. भाऊ काही बोलला नाही.