फुटला की फोडलात?

दार ओढून घे. मागचे पुढे या. मोबाइल बाकावर पालथे ठेवा. हजेरी मी आज शेवटी घेणार आहे, त्यामुळे ‘प्रेझेंट’ म्हणून सटकायचा कोणाचा बेत असेल तर त्याने तो गुंडाळून ठेवावा.

छोटं प्रकरण आधी उरकते. युनिट सहा, व्यावसायिक नीतिमत्ता. तुम्ही ६४ जण, आणि त्यातल्या ३८ जणांच्या जर्नलमध्ये जेरेमी बेंथम १८४८ साली जन्मलाय. तो माणूस १८३२ मध्ये वारला. म्हणजे तुमचा बेंथम मेल्यावर सोळा वर्षांनी जन्माला आला आणि मग सवडीने त्याने उपयुक्ततावाद मांडला. त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याचा सांगाडा कपडे चढवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खुर्चीवर बसवून ठेवलाय; तुमची जर्नलं दाखवली तर तोही उठून चालायला लागेल. एकाने आकडा चुकवला आणि सदतीस जणांनी व्हॉट्सॲपवरून तो इमानाने उतरवला. नीतिमत्तेच्या धड्याची कॉपी! यातला विनोद किती जणांना कळला, हे विचारत नाही. हाताने पुन्हा लिहून गुरुवारी आणा. तो विषय संपला.

आता ग्रुप सात. उभे राहा, चौघंही.

बाकीच्यांनी नीट ऐका, कारण उद्या तुमच्यातला कोणीही यांच्या जागी असेल. या चौघांनी गावातल्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर केलं. काम चांगलं आहे. पहिल्या रिव्ह्यूला तसं मीच म्हणाले होते. बाईंनी टेस्टिंगसाठी म्हणून जुन्या रजिस्टरची एक्सेल फाइल यांच्या हवाली केली. ११४० पेशंट. ती अख्खी फाइल, डेटाबेसच्या पासवर्डसकट, यांनी गिटहबवर साऱ्या जगाला उघड्या असलेल्या रेपॉझिटरीत ढकलली. कशासाठी? तर प्लेसमेंटच्या मुलाखतीत लिंक दाखवायला. एकोणीस दिवस ती तिथे पडून होती.

परवा रात्री अकराच्या सुमाराला मी ती लिंक उघडली. मार्क द्यायला बसले होते. नाव, वय, मोबाइल, तक्रार, शेरा. खोकला. बीपी. गुडघे. मी भराभर खाली जात होते, कोड कुठे आहे ते शोधत. मध्येच एका ओळीत शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘घरच्या नंबरवर फोन करू नये.’ आणि शेजारच्याच रकान्यात घरचा नंबर. तक्रार काय होती ते मी सांगणार नाही. लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या शेऱ्याचा अर्थ न कळण्याइतके तुम्ही लहान नाही. एका बाईने दार लावून, आवाज खाली करून डॉक्टरला जे सांगितलं, ते तुम्ही वेशीवर टांगलंत. आणि तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टात सिक्युरिटीवर चार पानांचं प्रकरण आहे!

त्यानंतर तुमचा मेल आला. वाचून दाखवते. ‘रिस्पेक्टेड मॅडम, पेशंट डेटा लीक झाला आहे. फाइल चुकून अपलोड झाली होती. आता ती डिलीट करण्यात आली आहे.’

तीन वाक्यं. यातला कर्ता दाखव मला. हो, तूच. शाळेत मराठी होतं ना? फाइल अपलोड झाली. कोण झालं? फाइलला पाय फुटले?

पेला फुटला आणि मी पेला फोडला, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते आपल्याला तिसऱ्या वर्षीच कळतं. आई स्वयंपाकघरातून ओरडली की पोरगं काय म्हणतं? ‘फुटला.’ पोरगं मोठं होतं, इंजिनियर होतं, आणि तेच म्हणत राहतं. आपल्याकडे परीक्षेचा पेपर फुटतो, कोणी फोडत नाही. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि राज्याच्या मंत्र्यांनी बोट दाखवलं खेकड्यांकडे. आता तुम्ही. डेटा फुटला म्हणे. तुमचे खेकडे कोणते, तेवढं सांगा.

एक मिनिट. ‘डिलीट करण्यात आली आहे’ हे तर धडधडीत खोटं आहे, आणि ते संगणकाच्या विद्यार्थ्याने लिहावं याची मला जास्त लाज वाटते. नव्या कमिटमध्ये फाइल काढली म्हणून जुन्या कमिटमधून ती जात नाही. गिट बनलंय कशासाठी? काही विसरू नये म्हणून. हिस्टरीत दोन पायऱ्या मागे गेले आणि सगळं जसंच्या तसं होतं. शिवाय दोन अनोळखी माणसांनी तुमची रेपॉझिटरी फोर्क केलीय. तुम्ही तुमची प्रायव्हेट करा नाहीतर जाळून टाका, त्यांची उघडीच राहणार. पासवर्ड बदललात? नाही. बघा. आधी मान खाली घालायची घाई, आणि कुलूप अजून उघडंच. खाली बसलात की पहिलं ते करा. याच क्लासमध्ये, माझ्यासमोर.

थेरॅक-२५ आठवतं? मागच्या सेमिस्टरला शिकवलं तेव्हा यातले दोघे कँटीनमध्ये होते, म्हणून पुन्हा सांगते. कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीचं किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा जणांना भयंकर मात्रा दिली. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच दोष लपलेला होता, पण तिथे फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा. नव्या यंत्रात ते अटकाव काढून टाकले. सॉफ्टवेअर आहे की बघायला! मार्च १९८६, टेक्सासमधलं टायलर. ऑपरेटर बाईंच्या हातून ‘ई’च्या जागी ‘एक्स’ पडलं. हात रोजचा, सराईत. झटकन वर जाऊन तिने ते दुरुस्त केलं. आठ सेकंदांच्या आत. यंत्राचा एक भाग नव्या हुकमावर गेला आणि दुसरा जुन्यावर राहिला. पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे काय, याचा खुलासा मॅन्युअलमध्ये नव्हता. असले मेसेज रोजचेच, म्हणून तिने ‘पी’ दाबलं. प्रोसीड. आतल्या माणसाला द्यायचे होते १८० रॅड. नंतर अंदाज निघाला १६,५०० ते २५,०००चा. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा चालू नव्हता आणि इंटरकॉमही बिघडलेला. तो उठायला लागला, तोवर दुसरा झटका. पाच महिन्यांनी गेला.

कंपनीचे इंजिनियर आले, यंत्र तपासलं आणि म्हणाले, हे यंत्र जास्त मात्रा देऊच शकत नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं. त्याच रुग्णालयात, त्याच ऑपरेटरच्या हातून, एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मग तिथले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर त्या बाईंना घेऊन यंत्रासमोर बसले आणि पडद्यावर ५४ येईपर्यंत टाइप करत राहिले. शेवटी वेगात गोम सापडली. लक्षात घ्या, दोष शोधला तो वापरणाऱ्यांनी. बनवणारे ‘होऊच शकत नाही’ म्हणत बसले होते. ते सगळं सॉफ्टवेअर एकाच प्रोग्रामरने लिहिलं होतं. त्याचं नाव आजवर जाहीर झालेलं नाही. ‘कर्ता कुठे आहे’ हे मी उगाच विचारत नाही.

आता तू. तू काल स्टाफरूममध्ये येऊन काय म्हणालास? ‘मॅडम, मी फक्त पुश केलं, ठरवलं बाकीच्यांनी.’ वा. चाकणला ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे आणि जिच्या इंटर्नशिपसाठी तुम्ही माझ्याकडून शिफारसपत्रं नेता, त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांत एक सॉफ्टवेअर होतं. स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरावीक आहे, म्हणजे प्रयोगशाळेत चाचणी चाललीय, हे ते ओळखायचं आणि धूर आवरायचं. गाडी रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत बिंग फुटलं. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास परत बोलवाव्या लागल्या. त्यात जेम्स लियांग नावाचा इंजिनियर होता. वरून ठरलं, त्याने केलं. तीसेक वर्षांची नोकरी. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला चाळीस महिन्यांचा तुरुंगवास आणि दोन लाख डॉलर दंड ठोठावला. ठरवणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या, पण त्यामुळे याची माफ झाली नाही. ‘फक्त’ हा शब्द तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचा नाही मला.

आणि तू म्हणालीस, डॉक्टरांनीच फाइल दिली, मग आमचं काय चुकलं? शेजारणीने किल्ली ठेवायला दिली तर ती चौकात टांगून ठेवशील? एसीएम आणि आयईईई-सीएस या संगणकवाल्यांच्या संघटनांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनियरांसाठी संहिता केली, तिच्यात आठ तत्त्वं आहेत. पहिलं काय? माना वर करा. परवा ओरलला सगळ्यांनी पोपटासारखी आठही म्हणून दाखवली होती. पहिलं लोकांचं हित, दुसरं ग्राहक आणि मालक. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. डॉक्टरबाई तुमच्या ग्राहक. ते ११४० जण म्हणजे लोक. त्यांच्याशी तुमचा करार नाही, त्यांना तुमचं नावही माहीत नाही, आणि तरी ते आधी. एसीएमची स्वतःची संहिता २०१८ मध्ये नव्याने लिहिली गेली, तिच्यात खासगीपणाचा आदर वेगळा सांगितलाय आणि गोपनीयता पाळणं वेगळं. दोन्ही एकाच फाइलने मोडण्याचा मान तुम्हाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो आकडा तुमच्यासाठी नाही, घाबरू नका. तसा प्रसंग आला तर नोटीस डॉक्टरबाईंच्या नावाने येईल. तुम्ही तोवर पुण्या-बंगळुरूत पॅकेज मोजत असाल.

नीतिमत्तेचे सिद्धांतही तुम्ही पाच मार्कांचे म्हणून पाठ केलेत. बेंथमचा हिशेब तुम्ही केलात, पण बेरजेत चार माणसं धरलीत, स्वतःचीच, आणि ११४० सोडलीत. असला हिशेब वाण्याने केला असता तर तुम्ही त्याला चोर म्हटलं असतं. कांट तर एकच गोष्ट विचारतो: प्रत्येक इंजिनियरने असंच करावं, हे तुला चालेल का? तुझ्या आईचे रिपोर्ट कोणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये आहेतच, बेटा. कोणाच्या, ते तुला माहीत नाही, एवढंच. ॲरिस्टॉटल राहू दे. तो सवयीबद्दल बोलतो, आणि पुश करण्याआधी गिटइग्नोर बघायची सवय नसलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

हसू नका. तुमच्यातल्या कितींच्या लॅपटॉपवर आत्ता कोणाची तरी खरी फाइल आहे? सोसायटीची, पतपेढीची, मामाच्या दुकानाची? रिव्ह्यूत ‘डमी डेटा’ म्हणून दाखवलेली? अच्छा. आता शांतता.

यात एक सही माझीही आहे. दुसऱ्या रिव्ह्यूला स्क्रीनवर नावं दिसत होती. हा डेटा कुठला, हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. बाहेर पाच ग्रुप ताटकळत होते, म्हणून मी विचारलं नाही आणि ‘सॅटिसफॅक्टरी’ लिहून मोकळी झाले.

तर कागद घ्या. डॉक्टरबाईंना पत्र. इंग्रजीत नको, तिथे तुम्हाला लपायला फार जागा मिळते. लिही. ‘तुम्ही विश्वासाने दिलेली ११४० पेशंटची फाइल आम्ही अमुक तारखेला इंटरनेटवर उघडी टाकली. ती आम्ही एकोणीस दिवस तशीच ठेवली. दोन जणांनी तिची प्रत घेतली आहे; ती आम्ही परत आणू शकत नाही.’ ‘दुर्दैवाने’ खोड. दुर्दैव कशाला मध्ये आणतोस? ‘आम्ही’च्या पुढे चौघांची नावं लिही, नुसतं ग्रुप सात नको. पाचवं नाव माझं, गाईड म्हणून.

कोणाही पेशंटला तुम्ही परस्पर फोन करायचा नाही. चांगुलपणाच्या भरात तर अजिबात नाही. त्या शेऱ्यातल्या बाईला कळवायचं की नाही आणि कसं, हे डॉक्टर ठरवतील.

दवाखाना साडेपाचला सुटतो. आपण सव्वापाचला गेटवर भेटू. आणि तू, ‘फक्त पुश केलं’वाला, पत्र तू वाचून दाखवायचंस.

पासवर्ड बदलला का? दाखव इकडे.