झडती आणि न्याय

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मातोश्री मध्यंतरीं आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा मुलगा गर्दच्या नादीं लागून वायां गेला, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांनीं वर्तमानपत्रांतील एक बातमी आमच्यापुढें ठेविली. अंमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल शिक्षा झालेला एक इसम, झडती कायद्याप्रमाणें घेतली गेली नाहीं एवढ्याच कारणावरून अपिलांत सुटला होता. "माल त्याच्या खिशांत सांपडला, मग त्याला सोडतात कसे? सर, हा कसला न्याय?" असें त्यांनीं विचारलें. त्या माउलीपुढें कायद्याचीं कलमें सांगत बसण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं. प्रश्न मात्र मनांतून जाईना; म्हणून त्याचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

हा आक्षेप अडाणीपणाचा आहे असें कोणीं समजूं नये. झडती बेकायदा होती म्हणून कोकेनच्या पुडीची कांहीं साखर होत नाहीं. शिपायानें चूक केली म्हणून गुन्हेगारानें कां सुटावें, असा सवाल अमेरिकेंतील विख्यात न्यायमूर्ति कार्डोझो यांनींही 1926 सालीं न्यूयॉर्कच्या एका खटल्यांत केला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें 1973 सालीं असाच निर्णय दिला कीं, झडती बेकायदा एवढ्यावरून तींत मिळालेला पुरावा त्याज्य ठरत नाहीं. तेव्हां या बाजूस केवळ आईचें हृदयच नव्हे, तर मोठमोठ्या न्यायाधीशांची बुद्धीही उभी आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. 1999 सालीं अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यांत, टूसॉन शहरीं, परवाना स्थगित असतां मोटार चालविल्याबद्दल एका माणसास अटक झाली. त्यास हातकड्या घालून पोलिसांच्या गाडींत कोंडण्यांत आलें. आणि मग त्याच्या मोटारीची झडती झाली. मागच्या बैठकीवरील जाकिटाच्या खिशांत कोकेन निघालें व त्यास तीन वर्षांची शिक्षा झाली. अटकेबरोबर झडती घेण्याची मुभा पोलिसांस असते, ती दोन कारणांसाठीं: आरोपीनें शस्त्र उपसूं नये आणि पुरावा नाहींसा करूं नये. परंतु हातकड्या घालून दुसऱ्या गाडींत कोंडलेला मनुष्य यांपैकीं काय करूं शकणार? शिवाय परवान्याच्या गुन्ह्याचा कोणता पुरावा त्या जाकिटांत मिळावयाचा होता? झडती कां घेतली असें विचारतां, कायदा घेऊं देतो म्हणून, अशा अर्थाचें उत्तर एका पोलिसानें दिलें! अखेर 2009 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती झडती अवैध ठरविली.

आम्हांस त्या उत्तरांत सर्व प्रश्नाचें मर्म दिसतें. कारणाकरितां दिलेला अधिकार कारण संपल्यावरही हातांत राहिला, म्हणजे तो अधिकार न राहतां संवय बनतो. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें आपले वडील म्हणत आले. एका गुन्हेगाराची झडती वाटेल तशी झाली यांत शोक करण्यासारखें थोडें आहे. परंतु सोकावलेला काळ पुढें कोणाच्या दारीं जाईल, हें कोणीं सांगावें?

यावर कोणी म्हणेल, अवैध झडती घेणाऱ्यास वेगळी शिक्षा करा, पण पुरावा टाकूं नका. युक्तिवाद सरळ दिसतो. पण माल सांपडल्यावर त्या अधिकाऱ्याचें कौतुक होतें, त्यास शिक्षा करणार कोण? आणि माल न सांपडल्यास ती झडती बहुधा न्यायालयापर्यंत पोंचतच नाहीं.

या दुसऱ्या प्रकाराचा आम्हांस स्वतःचा अनुभव आहे, आणि तो भूषणावह नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका वसतिगृहाचे रेक्टर असतांना, खोल्यांतून गांजा ओढला जातो अशी कुणकुण कानीं आली. आम्हीं एका मुलाची ट्रंक, तो तासाला गेला असतां, कुलूप काढवून उघडली. आंत दोन सदरे, आईचीं पत्रें आणि महिनाअखेरपर्यंत पुरवावयाचे म्हणून कागदांत बांधून ठेविलेले थोडे पैसे निघाले. मुलाला तें कळलें. तो एक शब्दही बोलला नाहीं. पण पुढें वर्षभर त्यानें आमच्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं. त्यानें कोठें दाद मागावी? गांजा निघाला असता तर सर्वांनीं आमची पाठ थोपटली असती. निरपराध्याची झडती अशी मुकी राहते. तिचें गाऱ्हाणें न्यायासनापुढें मांडावयास अनेकदां अपराध्याचेंच अपील लागतें.

आपल्या 1985 सालच्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें हा धोका ओळखला आहे. त्याच्या 50 व्या कलमान्वयें, ज्याची अंगझडती व्हावयाची त्यास, त्याची इच्छा असल्यास, राजपत्रित अधिकाऱ्यापुढें किंवा मॅजिस्ट्रेटपुढें नेलें पाहिजे. हा हक्क त्यास आधीं सांगितलाच पाहिजे, न सांगतां सांपडलेल्या मालावर एकट्यावर शिक्षा उभी राहूं शकत नाहीं, आणि 1973 च्या निर्णयाचा आधार येथें चालणार नाहीं, असें घटनापीठानें 1999 सालीं ठरविलें. 2010 सालीं दुसऱ्या घटनापीठानें हें पालन काटेकोरच हवें असें बजाविलें. ही कडकपणाची भाषा उगाच नाहीं. व्यापारी प्रमाणांतील मालास या कायद्यांत निदान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. आणि माल जवळ सांपडल्याचें सिद्ध झालें कीं निर्दोषत्व दाखविण्याचें ओझें आरोपीवर येतें. जेथें "सांपडलें" या एका शब्दावर मनुष्याचीं दहा वर्षें लोंबकळतात, तेथें तें कसें सांपडलें हें विचारणें म्हणजे पळवाट नव्हे. पुराव्याची ती पहिलीच परीक्षा होय.

या नियमाची किंमत आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. ती कधीं कधीं अशा मातांस द्यावी लागते कीं ज्यांनीं आधींच सर्व कांहीं दिलेलें असतें. परंतु ज्या अधिकाऱ्यास दोन वाक्यें उच्चारावयाचीं होतीं आणि ज्यानें तीं उच्चारलीं नाहींत, त्यानें तो इसम सोडला, न्यायालयानें नव्हे. त्या बाईंची फिर्याद खरी आहे, पण ती न्यायालयाविरुद्ध नाहीं, हें आम्ही त्यांना जाऊन सांगणार आहों. त्यानें त्यांचें समाधान होईल अशी आमची अपेक्षा नाहीं. त्या ट्रंकवाल्या मुलाचीही आम्हीं अद्याप क्षमा मागितलेली नाहीं. तो आतां कोठें असतो याचा शोध करावयास हवा.