वळसा आणि बाकी

मेक्सिकोच्या सरहद्दीवरील कॅम्पो या खेड्यापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाणारी, १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय पायवाट म्हणून मान्यता पावलेली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल एका मोसमात सलग पायी चालून जाण्याचा संकल्प करून माझी भाची निघाली, ते साल २०२३ चे. आणि त्या हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतावर हिमाचा असा काही वर्षाव झाला की केनेडी मेडोज येथे पोहोचलेल्या वाटसरूंपुढे पर्वतात शिरणे किंवा पर्वत टाळून वाहनाने उत्तरेस जाणे, एवढाच विचार उरला. तिने दुसरा पत्करला. ती सुटीवर आली तेव्हा, महसूल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला शोभेल अशा रीतीने, मी तिची उलटतपासणी आरंभिली.

"म्हणजे संकल्प तेथेच मोडला," मी म्हटले.

"मोडला हे कबूल, मामा. पण पुढची फॉरेस्टर खिंड १३,००० फुटांहून उंच. पहाटे हिम दगडासारखे कठीण असते, तेव्हा बुटांना काटे बांधून आणि हातात बर्फकुऱ्हाड घेऊन चढता येते. दहा वाजले की तेच हिम भुसभुशीत होते, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि वर ओढताना कवचाची धार नडगी सोलून काढते. ओढ्यांचे तसेच. दिवसभर वितळलेले पाणी दुपारनंतर त्यांत उतरते, म्हणून ओढेही पहाटेच ओलांडायचे; पण दिवसाला पहाट एकच! २०१७ साली, अशाच हिमाच्या वर्षी, दोघीजणी तिथल्या ओढ्यांत वाहून गेल्या."

"भयापोटी सोडलेले व्रत ते व्रतच नव्हे, असे कोणी म्हणेल."

"म्हणोत. पण तिकडे डोंगरात हरवलेल्याला शोधण्याची जबाबदारी शेरीफची असली, तरी दोर घेऊन प्रत्यक्ष जाणारी माणसे बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतात. कोणाचे उपकार नकोत म्हणून मी गाडी नाकारून हिमात शिरले असते, तर परक्यांच्या उपकारातून सुटले असते का? एकीच्या पेट्रोलाऐवजी दहाजणांचा जीव माझ्यापायी पणाला लागला असता."

या युक्तिवादात मला फट सापडेना. तेव्हा मी नर्मदामाईचा आधार घेतला, पण तोही तिच्याच बाजूने पडला. परिक्रमावासीयाने नर्मदेचे पात्र कोठेही ओलांडू नये हा नियम जितका कडक, तितकीच ही गोष्टही सर्वमान्य की विमलेश्वराहून मिठीतलाईपर्यंत, जेथे नदी सागरास मिळते तेथे, तो नावेत बसतो, आणि त्यामुळे परिक्रमा खंडित झाली असे कोणी शास्त्रीही म्हणत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी वाट गेली तेथे तर परिक्रमेलाच वळसा पडला. चालणाऱ्याने वाटेला वाकवू नये, पण वाटच वाकली तर त्याने ताठ राहून काय साधायचे, असे मला त्या क्षणी वाटले खरे.

"मात्र त्या नावेची आणि वाटेवरच्या सदावर्ताची परिक्रमावासीयाला आधीपासून खात्री असते," मी पुढे म्हणालो. "तुझी तशी कोणती सनद होती?"

"कोणतीच नाही. केनेडी मेडोजच्या दुकानाबाहेर एक वयस्क बाई भेटल्या. म्हणाल्या, मला घरच्या मांजरांचे खाद्य आणायला बिशपला जायचेच आहे, बस. घाट उतरून ३९५ क्रमांकाच्या महामार्गाने आम्ही शेसव्वाशे मैल गेलो. पेट्रोलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. रिनोला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर मला उतरवले आणि दुकानाकडे न पाहता त्या आल्या वाटेने माघारी वळल्या. नंतर नकाशा पाहिला. मांजरांचे खाद्य रिजक्रेस्टला मिळते, आणि ते कितीतरी जवळ आहे."

एखाद्याने उपकार करावा हे विरळा. पण घेणाऱ्याला त्याचा भार वाटू नये म्हणून त्यासाठी खोटे निमित्तही रचावे, ही सौजन्याची परिसीमा मी आमच्या खात्यात तरी पाहिली नव्हती.

"आणि इथेच माझे मन अडते, मामा. पुढे उत्तरेच्या प्रत्येक गावी मी अशी गाडी मिळणारच असे धरून शिधा बांधू लागले. दक्षिणेच्या वाळवंटात कोणी पाण्याची भांडी ठेवतात, त्यांच्या भरवशावर चालू नका असे ट्रेलची संस्थाच बजावते. तरी लोक चालतात, आणि भांडे रिकामे दिसले की ठेवणाऱ्यावर चिडतात. एकदा गाडी मिळेना तेव्हा मीही रस्त्यावर उभी राहून चिडले. कोणावर?"

"दान वहिवाटीत गेले की हक्क मागू लागते, इनामांचे सारे दावे असेच उपजले. ते असो. राहिलेला पर्वत?"

"सप्टेंबरात येऊन चालले. पूर्ण चालणाऱ्यांच्या यादीत नावही घातले. तिथे पुरावा, पंच काही लागत नाही. चालणाऱ्याचा शब्द पुरतो."

"आणि आता तू कोणा वाटसरूला गाडीत घेतेस?"

ती थबकली. "नाही. एकटी असते तेव्हा अनोळखी माणसाला घेत नाही. वाटेवर आडवी पडलेली झाडे करवतीने कापायला मात्र मी स्वयंसेवकांबरोबर जाते."

"ते खाते निराळे. या खात्याची बाकी त्यातून वळती होत नाही."

"मग तुमच्या कायद्यात अशा बाकीचे काय करतात?"

"माफी. परंतु तो अधिकार सरकारचा, कुळाचा नव्हे."

"आणि सरकारने मांजरांचे नाव सांगून ती आधीच दिली असेल तर?"

तोंडी हुकमावर माफी नोंदवता येत नाही, असे मी तिला सांगितले आणि ती हसली. परंतु अनोळखी माणसाला गाडीत न घेण्याविषयी ती पुन्हा काही बोलली नाही. मीही तो मुद्दा रेटला नाही, कारण एकट्या मुलीने निर्जन महामार्गावर परक्यासाठी गाडी थांबवावी, असा सल्ला तिचा मामा म्हणून मी तिला जन्मात दिला नसता.