पडलेल्या जवानाचे ऋण कसे फेडावे?

(अंबाजोगाई येथील एका विहारात दिलेले प्रवचन)



गेल्या भाद्रपदातील गोष्ट. शाळा सुटल्यावर मी वस्तीतून घरी निघालो होतो. एका ओट्यावर एक माउली बसली होती. तिचा मुलगा सैन्यात होता, तो सीमेवर कामी आला. त्याचा वर्दीतला फोटो भिंतीवर आहे. शेजारी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. या कुटुंबाने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली. माउलीने मला हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, देव सोडले त्याचं मला काही वाटत नाही. पण पितरपाठ आला की जीव थाऱ्यावर राहत नाही. शेजारच्या बाया म्हणतात, तुझं लेकरू उपाशी हिंडंल. दीक्षेत सांगितलं, पिंड घालायचा नाही. मंग माझ्या लेकराचं करायचं तरी काय?"

बंधूंनो, मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. पण त्या माउलीला मला चटकन उत्तर देता आले नाही. श्राद्ध ही पुरोहितांच्या पोटापाण्याची युक्ती आहे, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते खोटे नाही. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिने पुरोहिताविषयी विचारले नव्हते, लेकराविषयी विचारले होते. आज मी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यासमोर मांडणार आहे.

रणात पडलेल्या माणसाचा मान राखावा असे वाटणे ही माणुसकी आहे. धम्म ही भावना पुसून टाकत नाही. प्रश्न एवढाच, की मान राखायचा म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्या मुलखात याची जुनी रीत दगडावर कोरलेली सापडते. महाराष्ट्रातील अनेक गावांत वेशीपाशी किंवा देवळाजवळ वीरगळ उभे असतात. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड. त्यावर एकावर एक चौकटी असतात. खालच्या चौकटीत वीर लढताना वा पडलेला दिसतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. आज बहुतेक वीरगळांवरच्या वीराचे नाव गावाला ठाऊक नाही. लोक दगडाला शेंदूर फासतात, नारळ फोडतात आणि पुढे जातात. स्वर्गाची चौकट शाबूत राहिली, माणूस मात्र हरवला. त्याच्या मागे कोण उरले, त्याच्या मुलांनी काय खाल्ले, हे कोणत्याच चौकटीत कोरलेले नाही.

भगवान बुद्धांनाही एकदा हाच स्वर्गाचा प्रश्न विचारला गेला होता. संयुत्त निकायात योधाजीव सुत्त आहे. सैनिकांचा एक प्रमुख भगवंतांकडे आला आणि म्हणाला, 'आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले, की रणात लढता लढता मारला जाणारा योद्धा देवलोकात जातो. आपण काय म्हणता?' भगवंतांनी दोनदा सांगितले, हे मला विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सत्य सांगितले. समोरचे प्राणी मरावेत, नष्ट व्हावेत, या द्वेषाने ज्याचे चित्त भरलेले आहे, त्याला त्या चित्ताने सद्गती मिळत नाही. तेव्हा तो प्रमुख रडू लागला. भगवंतांच्या बोलण्याने तो दुखावला नव्हता. जुन्या आचार्यांनी आपल्याला इतका काळ फसवले, याचे त्याला रडू आले.

उपासकांनो, हे सुत्त नीट समजून घ्या. कोणी म्हणेल, मग बुद्धांनी सैनिकाचा धिक्कार केला काय? नाही. वैशालीचा सीह हा सेनापती होता आणि तो भगवंतांचा उपासक झाला. शस्त्र धरणाऱ्याला भगवंतांनी दार बंद केले नाही. ते बोलले ते चित्ताविषयी. परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना हाच भेद स्पष्ट केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे. म्हणून लेक सैन्यात गेला या कारणाने पहिल्या शीलापुढे कोणत्याही आईने मान खाली घालू नये. पण त्याच वेळी आपणही तिला स्वर्गाची लालूच दाखवू नये. फसवी समजूत काढणे हा सन्मान नव्हे.

आता दुसरा दगड पाहू. पुणे जिल्ह्यात भीमा नदीकाठी कोरेगाव आहे. तेथे १ जानेवारी १८१८ रोजी इंग्रज कंपनीची सुमारे ८०० माणसांची तुकडी पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढली. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८२१ मध्ये विजयस्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या ४९ मृतांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई होते. ज्यांना गावात सावलीचीही बंदी होती, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः त्या स्तंभापाशी गेले. तेव्हापासून आपण तेथे मानवंदना द्यायला जातो. आता दरवर्षी लाखो लोक जमतात. आपल्या वस्तीतूनही गाड्या भरून जातात. जावेच.

परंतु या स्तंभाची पुढची कथा आपण मुलांना क्वचितच सांगतो. स्तंभ उभाच होता, नावे कोरलेलीच होती, आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. तुम्ही लढाऊ जातीचे नाही, असे सांगितले. ज्यांच्या आज्यांची नावे दगडावर होती, त्या नातवांना भरतीच्या दारातून परत पाठवले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः सैन्यातील पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिले महायुद्ध आले, माणसांची गरज पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली.

यातून काय शिकायचे? दगडावर नाव कोरणे हा सन्मानाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. नाव कोरणाराच नातवाला हाकलून देऊ शकतो. कोरेगावात पडलेल्या त्या शिपायांचा खरा सन्मान कोणी केला? ज्यांनी नातवांसाठी अर्ज लिहिले त्यांनी. वलंगकरांच्या आणि कांबळ्यांच्या हातात फुलांचा हार नव्हता, लेखणी होती.

आणखी एक गोष्ट. त्या ४९ नावांपैकी २२ आपली म्हणून आपण बाकीची २७ वगळतो काय? ती माणसेही त्याच दिवशी, त्याच तहानेने व्याकूळ होऊन पडली. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्या अरब, गोसावी आणि मराठा शिपायांच्या आयाही रडल्याच असतील. सम्राट अशोकाने कलिंग जिंकल्यावर शिलालेखात आपल्या विजयाची बढाई मारली नाही. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली, हे आकडे त्याने कोरून ठेवले आणि पश्चात्ताप व्यक्त केला. मरणाऱ्यांच्या आप्तेष्टांचे दुःखही त्याने नोंदवले. शत्रूच्या मृतांची मोजदाद करणारा राजा म्हणून धम्माच्या इतिहासात त्याचे स्थान आहे. आज महार रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे व सर्व प्रांतांचे जवान आहेत. या रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते जन्माने तामिळ कुटुंबातले. पडलेल्याची जात पाहून हार घालणारा माणूस बुद्धाच्या वाटेवर आलेलाच नाही.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मेलेल्याला घास पोहोचत नाही, हे आपण जाणतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान यांचा त्याग आहे. परंतु धम्म येथे पोकळी ठेवत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलांची कर्तव्ये सांगितली. त्यांत दिवंगत आईवडिलांच्या स्मृतीसाठी दान देणे हे एक कर्तव्य आहे. जे मुलाने आईबापांसाठी करावे, ते आईनेही मुलासाठी का करू नये? कावळ्यापुढे ठेवलेला घास कोणाचीच भूक ओळखत नाही. मृताच्या नावाने जिवंत माणसाला दिलेले दान भूक ओळखून दिलेले असते. एवढाच फरक आहे, पण तो जुन्या आणि नव्या जीवनाइतका मोठा आहे.

बंधूंनो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी मी माउलीजवळ बसलो. बोलता बोलता तिने पत्र्याची ट्रंक उघडून एक पाकीट काढले. पेन्शनविषयीचे पत्र होते. दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला दिला गेला नव्हता, म्हणून पैसे थांबले होते. पत्र येऊन कित्येक महिने झाले होते. ते वाचून द्यायला कोणी भेटले नाही म्हणून तिने ते जपून ठेवले होते. त्या गल्लीत आम्ही चार पदवीधर राहतो. २६ जानेवारीला आम्हीच तिला खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ दिला होता. टाळ्या वाजवल्या होत्या. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा आहे. आम्ही तिला जिवंत वीरगळ करून टाकले होते. शेंदराऐवजी शाल, एवढाच बदल.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद पूर्ण केले आणि दोघे जण तिच्यासोबत गेलो. काही आठवड्यांनी पेन्शन सुरू झाली.

म्हणून मी आपल्यापुढे चार साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, आपल्या वस्तीत सैनिकाचे किंवा पडलेल्या जवानाचे जे घर असेल, त्याचे कागदपत्र शिकलेल्या एका तरुणाने आपल्याकडे घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. तेथपर्यंत सोबत जावे. दुसरी, १ जानेवारीला विहारात स्तंभावरची सर्व नावे वाचावीत आणि ती आपल्या मुलामुलींनी वाचावीत. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांची नावे नातवंडांनी वाचणे याहून मोठी मानवंदना कोणती? तिसरी, स्तंभापुढे नारळ, कापूर, नवस नको. ते आपण मागे टाकले आहे. नव्या दगडापुढे ते पुन्हा आणू नका. स्मृतिदिनी त्रिसरण-पंचशील घ्या, दोन मिनिटे शांत उभे राहा आणि जेवणावळीचा, दारूचा खर्च वाचवून एखाद्या मुलाची फी भरा. चौथी, ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो. आपल्या ६ डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी तो येतो. महापरिनिर्वाण दिनी जमवलेल्या दानातील थोडा भाग जवानांच्या कुटुंबांसाठी काढून ठेवा.

आपल्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, तेव्हा येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. शिपाई लढायला जातो आणि परत येत नाही, हे या गावाला नवीन नाही. त्याच्या दारात पुन्हा जाणे मात्र आपल्याला नव्याने शिकायचे आहे.

त्या माउलीने यंदा पितरपाठात घास टाकला नाही. मुलाच्या स्मृतिदिनी ती विहारात आली. पिशवीतून तिने वह्या काढल्या आणि वस्तीतल्या पोरांना एकेक दिली. प्रत्येकाला तिने लेकराचे नाव सांगितले आणि म्हणायला लावले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, आता लेकराचं नाव पोरायच्या तोंडी राहील."

पिंडाचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला होता. आपण सर्वांनी तिच्यापासून शिकावे, एवढी विनंती करून मी थांबतो.

जयभीम. नमो बुद्धाय.